वायफायच्या नावाने शिवलेला कावळा

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा वायफायच्या नावाने शिवला. हे वाक्य आमच्या गावात आता कायमचं राहणार आहे. मी दौंडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, बरंच काही वाचलेलं आहे, कावळ्यांच्या वागण्याबद्दल मला माझी मतं आहेत; पण भीमेच्या काठावर ती कुणी विचारली नाहीत.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या जरा पुढे, नदीला लागून. घाटावर पिंड मांडला, सगळे मागे सरकले आणि बाभळीवरचे कावळे आमच्याकडे बघत बसले. कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागे राहिली. ती ओळखायची, पुरी करण्याचा शब्द द्यायचा, मग तो येतो. भावकीतलं कुणीतरी हात जोडून म्हणालं, "आबा, म्हातारीला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही. मागून आई म्हणाली, "म्हातारी कुणाला म्हणतो रं?"

कुणी मेंढरं विकणार नाही असं सांगितलं. आमच्याकडे मेंढरं आता नावालाच उरली आहेत, त्यामुळे कावळ्यावर फरक पडला नाही. मग शेजारचे आनंदरावमामा पुढे झाले. मामा सोसायटीचे माजी चेअरमन. माणसं जमलेली दिसली की त्यांचा हात आपोआप वर जातो. "आबा," ते म्हणाले, "ह्या घाटाचा रस्ता डांबरी करून देतो!" त्यासरशी एक कावळा उठून थेट पलीकडच्या काठाला गेला. त्याने मामांचं आधीही ऐकलेलं असावं.

ऊन चढलं. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. दर्भाचा कावळा करायची भाषा सुरू झाली, तेव्हा समोरच्या घरातल्या साळूबाईंनी पदर खोचला आणि नदीकडे तोंड करून ओरडल्या, "आबा, त्या वायफायचं करतो! ते धूड काढून छोटं आणतो! भिंत मोकळी करतो!"

कावळा आला. टुणटुणत आला, भाताला चोच लावली आणि मग घरचाच असल्यासारखा जेवायला बसला.

घाटावर एक मोठा निःश्वास निघाला. मी आजूबाजूच्या सगळ्यांकडे बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "व्हय की," मामा म्हणाले, "जीव तिथंच अडकला व्हता."

आता हे साळूबाईंना कसं सुचलं, तर आबा ते सगळ्यांनाच सांगत. मलाही सांगितलं होतं. शिरूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी ते माझा हात धरून म्हणाले होते, "प्रतिभा, घरी गेलीस की ते वायफायचं धूड काढ. छोटं आण. भिंत मोकळी कर." मी म्हणाले, हो. वडील आजारी असताना माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. मला वाटलं, त्यांना घराला रंग द्यायचा असेल.

धूड होतं मात्र खरं. आमच्या पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, आजोबा बिरदेव, आजी चांगुणा आणि त्यांच्या शेजारी त्याच ओळीत वायफाय, अशी मांडणी होती. काळं, रुंद, चार शिंगांचं. दसऱ्याला आई तिघांनाही हार घालायची. लांबचे पाहुणे आले की पहिल्या दोघांच्या पाया पडून तिसऱ्यापाशी जरा थबकत आणि मग, उगाच राहायला नको म्हणून, त्याच्याही पाया पडत. आबांचा फोटो शिरूरहून फ्रेम करून आणला होता. तो सध्या खुर्चीवर होता. भेटायला येणारा प्रत्येक जण त्या खुर्चीत बसायला जाई आणि शेवटच्या क्षणी दचकून उभा राही.

शब्द साळूबाईंनी दिला होता, पण तो माझ्या नावावर पडला. घाटावरून घरी आलो आणि आईने जाहीर केलं, "नदीवर बोललेलं हाय. ते पुरं व्हईस्तवर मी च्या पिणार न्हाई."

हे ज्यांना कळणार नाही त्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही. आईचा, म्हणजे तानुबाईंचा, दिवस चहापासून चहापर्यंत चालतो. चहा सुटल्यावर तिचं डोकं उठलं, ती भांड्यांशी भांडायला लागली, आणि जेवणही अर्ध्यावर आलं. माझी रजा संपत आली होती. चहाविना, आबांविना, रिकाम्या घरात तिला ठेवून मी दौंडला कशी जाणार होते, ते मला समजत नव्हतं. तेव्हा वायफाय आणणं भाग होतं. छोटं.

किती छोटं, यावर गल्लीचं एकमत होईना. कारण आमचं वायफाय म्हणजे गल्लीचं वायफाय. आबांनी पासवर्ड कुणालाच नाकारला नव्हता. साळूबाई चुलीपुढे बसून कीर्तन ऐकत, मामा ओट्यावरून बाजारभाव बघत, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेली ग्रामपंचायतही, हे मला नंतर कळलं, आबांवरच चालत होती.

"छोटं आण," साळूबाई म्हणाल्या, "पण माझ्या चुलीपतूर आलं पायजे."

"छोट्यात दम नसतो," मामा म्हणाले. "आठ शिंगाचं घे. नाव छोटं ठिव."

"ते छोटं म्हनले व्हते," आई आतून म्हणाली. तिचा आवाज बिनचहाचा होता.

मी शिरूरला गेले. एसटी स्टँडजवळच्या दुकानदाराने मला प्रश्न विचारले. ड्युअल बँड का सिंगल? टू पॉइंट फोर का फाइव्ह? भिंती कसल्या? माणसं किती? मी म्हणाले, भिंती दगडी आणि माणूस एकच, पण साळूबाईंच्या चुलीपर्यंत आणि मामांच्या ओट्यापर्यंत. त्याने सहा शिंगांचं एक यंत्र पुढे केलं. मी म्हणाले, छोटं दाखवा. त्याने चार शिंगांचं काढलं. म्हणाले, आणखी छोटं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, लोकं मोठं मागतात. तुम्हाला छोटंच का?"

वडिलांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, हे उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी आयुष्यभर पुस्तकांच्या वर्गीकरणाचं काम केलं आहे. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात जाईल हे मला झोपेतही सांगता येतं. पण या उत्तराला मला कप्पा सापडेना. मी म्हणाले, "घरी जागा कमी आहे." त्याने वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. आत साबणाच्या वडीएवढी पांढरीशुभ्र वस्तू होती. सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये बसणारी. शिंग एकही नाही. मी इतकी खूश झाले की पुढचं काही विचारलंच नाही.

ते बसवायला महेंद्र आला. महेंद्र आमच्या पट्ट्यातली नेटची लाइन बघतो. त्याच्या खांद्यावर वायरचं वेटोळं आणि कानाला फोन कायम असतो, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की फोनशी, हे ओळखावं लागतं. त्याने माझं खोकं उघडून बघितलं.

"हे वायफाय न्हाई," तो म्हणाला. मी वाट बघितली. तो माझ्याशीच बोलत होता. "हे एक्स्टेंडर हाय. असलेलं वायफाय हे लांब पोचवतं."

"मग?"

"मग धूड काढल्यावर काय पोचवनार? असलं पायजे ना आधी."

म्हणजे मी, नसलेली गोष्ट दूरवर पोचवणारं यंत्र आणलं होतं. एरवी मला यात काही अर्थ दिसला असता. त्या दिवशी नुसतं वाईट वाटलं.

महेंद्रने मग भिंतीवरच्या धुडाकडे मोर्चा वळवला. त्याच्या मागच्या बाजूला हात घातला आणि दचकून काढला. "हे काय केसाळ?"

घोंगडीचा तुकडा होता. नीट कापून, कडा शिवून, वायफायच्या पाठीवर बांधलेला. आई म्हणाली, "थंडीचं तेच्या दिव्याला कापरं भरायचं. तवा बांधलं त्यांनी." आमची मागची पिढी मेंढरांमागे फिरली. नव्या कोकराला गारठ्यात घोंगडीत घेतात, हे आबांच्या हातात होतं. यंत्राला कापरं भरलेलं बघून त्यांनी दुसरं काय करावं?

"अवो, आतून तापून मरतंय ते," महेंद्र म्हणाला आणि घोंगडी सोडली. वायफायने एकदा हिरवा, एकदा लाल दिवा दाखवला आणि प्राण सोडला.

"उघडं पडलं आन् गारठलं," साळूबाई दारातून म्हणाल्या. महेंद्रने त्यांना समजावायचा प्रयत्न केला, पण घटनाक्रम त्यांच्या बाजूने होता.

आता नवं यंत्र कुठलंही आणलं तरी त्यात कंपनीकडून मिळणारं एक नाव आणि एक पासवर्ड भरावा लागतो, असं महेंद्र म्हणाला. आणि कंपनी ते फक्त खातेदाराला देते. खातेदार, म्हणजे आबा, भिमा बिरदेव, खुर्चीवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं. "आम्हाला दुःख आहे मॅडम," ती म्हणाली. "खातेदारांना फक्त एक मिनिट लाइनवर घ्या."

"ते वारले."

"हो मॅडम. म्हणूनच एकच मिनिट."

नाहीतर मृत्यूचा दाखला पाठवा, नाव बदलून देऊ, असं ती म्हणाली. मी उठून मागच्या पंचायतीत गेले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, बंद संगणकापुढे हात बांधून बसले होते. त्यांनी आबांबद्दल चार चांगले शब्द काढले आणि म्हणाले, "दाखला तयार हाय ताई. पण निघतो ऑनलाइन. आन् नेट कालपासनं बंद हाय."

"कुणाचं नेट?"

भाऊसाहेबांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे आमचं घर होतं.

मी परत आले आणि ओट्यावर बसून हे सरळ मांडून बघितलं. आबा गेल्याचा दाखला निघायला आबांचं वायफाय हवं. आबांचं वायफाय सुरू व्हायला आबा गेल्याचा दाखला हवा. मी ते उलटं मांडून बघितलं. तसंच आलं. कागदोपत्री माझे वडील अजून जिवंत होते, आणि ते तसे आहेत हे एका क्षणाला मला बरंही वाटलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या मोबाइलवरून बोलता येतं, पण नदीकडच्या या कोपऱ्यात त्याचं नेट चालत नाही, तोही मार्ग नव्हता.

"मी बोलतो," आनंदरावमामा म्हणाले.

"काय बोलता?"

"भिमा म्हणून बोलतो. तेच्या आवाजात काय अवघड हाय? जरा कमी बोलायचं."

मी नाही म्हणाले. हे बरोबर नाही, कायद्यात बसत नाही, असं बरंच काही म्हणाले. आईने कपाट उघडलं. आबांचा बटणांचा फोन त्यांच्या चष्म्याशेजारी रुमालात गुंडाळून ठेवला होता. तो तिने चार्जिंगला लावला आणि मामांना म्हणाली, "बोला भावजी. सरळ बोला पर."

मामा खुर्चीसमोर मांडी घालून बसले. फोटो त्यांच्या समोर. फोन लावला, स्पीकर केला.

"भिमा बिरदेव बोलताय का सर?"

"व्हय," मामा म्हणाले. कमी बोलायचं ठरलं होतं.

"सर, आपण सध्या घरच्या पत्त्यावरच आहात ना?"

मामांनी फोटोकडे बघितलं. "हाय की. समोरच हाय."

आबांच्या फोनवर ओटीपी आला. मेसेजची ओळखीची घंटी वाजली आणि आई एकदम दाराकडे बघायला लागली. मग तिने आकडे वाचून दाखवले, एकेक, हळू. बाईने नाव आणि पासवर्ड सांगितला, मी लिहून घेतला. आम्ही सुटलो असं वाटत असतानाच ती म्हणाली, "सर, आमच्या सेवेबद्दल आपली काही तक्रार?"

मामांनी पुढे वाकून फोटो सरळ केला. त्यांची बोटं आबांच्या हारावर होती.

"आता कसलीच तक्रार राहिली न्हाई बघा," ते म्हणाले आणि फोन माझ्याकडे देऊन बाहेर जाऊन चूळ भरायला लागले.

त्या उपकाराखाली मी दबले आणि त्यामुळेच पुढची चूक झाली. मामा म्हणाले, मी शिरूरला मार्केट यार्डात चाललोच आहे, तुझं ते एक्स्टेंडर दे, बदलून छोटं आणतो. मी दिलं. संध्याकाळी मामा आले ते दोन्ही हातांनी खोकं धरून. आत आठ पायांचा एक कोळी होता. काळा, आणि मधोमध निळा डोळा.

"मामा, छोटं म्हणाले होते ना?"

"आगं, माणूस मोठा व्हता आपला," मामा म्हणाले. "तेच्या नावानं साबनाची वडी लावायची व्हय? गावात काय म्हनतील? आन् हे थेट माझ्या ओट्यापतूर येतं, दुकानदार बोलला."

गल्ली खूश झाली. साळूबाईंनी कोळ्यावर हळदकुंकू वाहिलं. भाऊसाहेब मागच्या दाराने येऊन बघून गेले. मलाही मोह झाला. चालू करून टाकावं, आईला सांगावं की यापेक्षा छोटं येतच नाही, आणि एसटी धरावी. मी खोकं घेऊन आत गेले. आई डोक्याला फडकं आवळून बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू तेनला हो म्हनली व्हती ना?"

दुसऱ्या दिवशी मी कोळी घेऊन परत शिरूरला. दुकानदाराने मला लांबूनच ओळखलं आणि काही न विचारता आतून एक खोकं आणलं. मी दुकानातच ते उघडायला लावलं, हे वायफायच आहे ना, असं तीनदा विचारलं, आणि लांबी-रुंदी वितीने मोजली. तळहातावर मावत होतं. दोन शिंगं, तीही लहान कोकराची असतात तशी, आत वळवता येणारी. "रेंज जास्त मिळणार नाही ताई," तो म्हणाला. "दगडी भिंत म्हणालात. एका खोलीपुरतं धरा." मी म्हणाले, चालेल. त्याने मान हलवली. त्याच्या धंद्यात असं गिऱ्हाईक बहुधा पहिलंच.

महेंद्र आला. जुनं धूड स्क्रू काढून खाली उतरवलं. त्याच्या मागे भिंतीचा चौकोन पूर्वीच्या रंगाचा, स्वच्छ राहिला होता. आणि त्याच्या वर, शिंगांच्या आड, एक खिळा होता.

"हा कशाला ठोकला हितं?" महेंद्र म्हणाला. या वेळी त्याच्या कानाला फोन नव्हता. "नवाकोरा हाय."

मी जवळ गेले. खिळा आजोबांच्या आणि आजीच्या खिळ्यांच्या सरळ ओळीत होता. भोवती सिमेंट भरून बोटाने सारखं केलेलं. बोटाचा ठसा तसाच होता.

"त्यांनी ठोकला," आई दारातून म्हणाली. "दिवाळीच्या आदी. मी म्हनलं, भिंत कशापायी फोडताय? म्हनले, लागंल."

महेंद्रने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मंग सासऱ्यांचा फोटू उतरवला, तेला टांगून बघितला. ह्या धुडाची शिंगं मधी यायची. लई चिडले. म्हनले, छोटं आनाय पायजे." आई आत आली. "मला वाटलं, सासऱ्यांना तिकडं सरकवायचं असंल."

मी खुर्चीवरून फोटो उचलला. हार काढला, काच पुसली, फोटो खिळ्याला लावला. तिन्ही फ्रेमा एका ओळीत आल्या, सुताने धरल्यासारख्या. नव्या वायफायला खाली, आबांच्या उजव्या खांद्याखाली, बरोबर जागा झाली. महेंद्रने हिरवा दिवा लावला. भिंत तर आणखीच भरली होती. पण मोकळी म्हणजे काय, ते आता कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं. कावळ्याला हे कसं कळलं, हा प्रश्न मी अजून कुठल्याही कपाटात ठेवलेला नाही.

आई आत गेली. स्टोव्हवर पातेलं ठेवल्याचा, मग आलं ठेचल्याचा आवाज आला. तिने पहिला कप फोटोखाली ठेवला, दुसरा हातात घेतला, आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसून तो बशीत ओतून प्याली. "साखर कमी झाली," ती म्हणाली आणि पुन्हा उठली.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण दुकानदार खोटं बोलला नव्हता. आबांचं नवं वायफाय उंबरा ओलांडत नाही. साळूबाईंच्या चुलीपर्यंत नाही, मामांच्या ओट्यापर्यंत नाही, पंचायतीपर्यंत तर नाहीच. गल्लीने एक दिवस माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी साळूबाई मोबाइल घेऊन घरात आल्या, रेंज शोधत शोधत भिंतीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग मामा आले, बाजारभाव बघायला. मग भाऊसाहेब, गावातल्या लोकांचे दाखले काढायला, लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून. आबांचा दाखलाही त्यांनी तिथेच, आबांच्या समोर उभं राहून काढला आणि मला देताना वर बघून जरा मान झुकवली.

मी निघाले त्या सकाळी हे सगळे तिथेच होते. आबांच्या फोटोखाली ओळीने उभे, माना खाली, ओठ मिटलेले, अंगठे तेवढे हलत होते. मी पिशवी उचलून उंबऱ्यात आले, तेवढ्यात न्हावऱ्याकडचे एक वयस्कर गृहस्थ फटफटीवरून उतरले. उशिरा कळलं म्हणून भेटायला आले होते. त्यांनी दारातून आतला देखावा बघितला, पायताण काढलं, टोपी काढली आणि आवाज न करता सगळ्यांच्या मागे जाऊन मान खाली घालून उभे राहिले. बराच वेळ. मग डोळे पुसून मला हळूच म्हणाले, "लई मानसं जोडली व्हती आबांनी. आजून उठली न्हाईत बघा."

मी होय म्हणाले. खोटंही नव्हतं ते.

आतून आई ताटात कप घेऊन आली. तिने साळूबाईंना दिला, मामांना दिला, भाऊसाहेबांचा लॅपटॉप धरून त्यांना दिला, आणि शेवटचा त्या गृहस्थांपुढे केला.

"घ्या पाव्हनं," ती म्हणाली. "पासवर्ड पायजे का?"